गेम झोनमधला पोरगा आपला कोण?

(भुसावळ येथे शाखेच्या अभ्यासवर्गात सचिवांनी केलेले भाषण)



फळ्यावर आजचा विषय 'आठवा वेतन आयोग' असा लिहिला आहे. तो ऐकायलाच तुम्ही रविवारची झोप मोडून आला आहात, हे आम्हांला ठाऊक आहे. त्या विषयावर आपले खजिनदार बोलतील. त्यांच्याजवळ आकड्यांची वही आहे, आमच्याजवळ नाही. आम्ही त्यांच्याकडून अर्धा तास उसना घेतला आहे. ज्याला वेतन आयोग नाही, महागाई भत्ता नाही, पास नाही, अशा एका कामगाराची हकीकत सांगायची आहे. तो लखनौच्या एका मॉलमध्ये, गेम झोनमध्ये काम करतो. आणि तो आपल्याच एका रेल्वे कामगाराचा मुलगा आहे.

लखनौ आपल्याला परके नाही. पुष्पक एक्सप्रेस रोज भुसावळवरून जाते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ साली गाण्याचे कॉलेज काढले ते लखनौलाच. काकोरी खटल्यातील रामकृष्ण खत्री मूळचे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे, पुढे लखनौचेच होऊन राहिले. आणि रेल्वेवाल्यांचे तर ते गाव आहेच. उत्तर रेल्वेचे एक आणि पूर्वोत्तर रेल्वेचे एक अशी दोन विभागीय कार्यालये, आलमबागचा डब्यांचा कारखाना, मानकनगरची आरडीएसओ. चारबाग स्टेशनातून बाहेर पडले की चहाच्या टपरीवर दर तिसरा माणूस रेल्वेचा निघतो.

संघटनेच्या बैठकीसाठी आम्ही तिथे गेलो होतो. मुक्काम आलमबागला, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका जुन्या साथींच्या घरी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचा वाढदिवस होता. सुनेने तो मॉलमधल्या गेम झोनमध्ये करायचे ठरवले होते. साथी म्हणाले, "चलिए, आप भी चलिए. छोटा वहीं काम करता है." धाकटा मुलगा तिथेच कामाला आहे. आम्ही निघालो.

त्या संध्याकाळी काय पाहिले

ज्यांनी गेम झोन पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला खेळांची यंत्रे: मोटार चालवायचे, बंदूक मारायचे, बास्केटबॉल टाकायचे, एअर हॉकीचे टेबल, एकमेकांवर आदळणाऱ्या बंपर गाड्या. लहान मुलांसाठी जाळीत बांधलेला मऊ गाद्यांचा भाग. दुसऱ्या बाजूला टेबल-खुर्च्या, तिथे पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंक. पैसे सुटे द्यायचे नाहीत, कार्डात भरायचे. खेळात मुलाने गुण मिळवले की ते काउंटरवर देऊन बक्षीस घ्यायचे, टेडी बेअर नाही तर खोडरबर. सगळीकडे दिव्यांची लखलख आणि असा गोंगाट, की आपल्या डिझेल शेडमध्ये काम केलेल्या माणसालासुद्धा कानात बोटे घालावीशी वाटावीत.

त्या गोंगाटात काळ्या टी-शर्टातली पंधरा-वीस मुले-मुली धावत होती. छातीवर नावाचा बिल्ला. त्यांना म्हणतात अटेंडंट. साथींचा मुलगा त्यांच्यातच होता. त्याने येऊन आम्हांला "वेलकम सर" म्हटले. आम्हांला वाटले, पोरगा गंमत करतो आहे. वडिलांनासुद्धा तो "सर" म्हणाला. नंतर कळले की कामावर असताना नातेवाइकांशी ओळख दाखवायची नाही, असा तिथला नियम आहे. ऐन वाढदिवसाला काका समोर उभा आहे, आणि पुतणी "चाचू, चाचू" म्हणून हात ओढते आहे, तर तो डोळ्यांनीच तिला गप्प करतो आहे.

केक आला. त्या मुलाने आणि आणखी तिघांनी टाळ्या वाजवून गाणे म्हटले. एक जण कार्टूनमधल्या उंदराचा पोशाख घालून नाचला. गाणे संपले तेव्हा पोराच्या कपाळावरून घाम ओघळत होता. साथींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ते हळूच म्हणाले, "दो मिनट बैठ जा, बेटा." पोराने वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, और कुछ लेंगे?"

बंधूंनो, चाळीस वर्षे कारखान्यात हातोडा मारलेला तो माणूस, त्याने प्लेटमधला केक तसाच ठेवला.

लखनौ म्हणजे 'पहले आप'चे शहर. दार उघडताना 'पहले आप', तांग्यात चढताना 'पहले आप'. पण दिवसभर उभ्या राहिलेल्या पोराला 'पहले आप बैठिए' म्हणणारे त्या चकचकीत खोलीत कोणी नव्हते. खोटे कशाला बोलू, आम्हीही त्यांतलेच. त्याच संध्याकाळी पाणी यायला उशीर झाला म्हणून आम्ही एका मुलीला "ए पोरी, किती वेळ?" असे मराठीतच ओरडलो होतो. भाषा कळली नसेल, सूर कळलाच असेल.

काम काय, आणि मोबदला काय

दुसऱ्या दिवशी पोराची सुट्टी होती. या धंद्यात साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी कधीच मिळत नाही. सकाळी चहा घेताना आम्ही त्याला विचारले आणि त्याने सांगितले. तेव्हा आम्ही 'सर' नव्हतो, 'चाचाजी' होतो.

मॉल अकराला उघडतो, ही मुले दहाला हजर. यंत्रे पुसायची, गाद्यांवर जंतुनाशक मारायचे, बक्षिसांची मोजणी करायची. नंतर दिवसभर उभे. यंत्रात कार्ड अडकले की काढायचे, बंपर गाडीत मुलाचा पट्टा बांधायचा, लहानग्याने ओकारी केली की पुसायची, हरवलेल्या मुलाची आई शोधायची. पार्टी असली की टेबलावर वाढायचे, गाणे म्हणायचे, फुगे फुगवायचे. ज्याची पाळी असेल त्याने उंदराचा पोशाख घालायचा. त्यात वारा जात नाही, डोक्याला जड, आणि मोठी पोरे गंमत म्हणून पोटात गुद्दे मारतात. ओरडायचे नाही, कारण उंदीर बोलत नाही.

रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर हिशेब. बक्षीस काउंटरवर चार खेळणी कमी भरली तर पैसे मुलांच्या पगारातून. गिऱ्हाइकाने मोबाइलवर कमी तारे दिले तर साहेबाची बोलणी. घरी पोचायला साडेअकरा-बारा. मुली असतील तर भाऊ किंवा वडील स्कूटर घेऊन रस्त्यावर उभे.

पगाराचे विचारले तेव्हा पोरगा जरा थांबला. पगार ठेकेदार देतो, मॉलवाला नाही आणि गेम झोनवालाही नाही. नेमणूकपत्र? "नहीं मिला, चाचाजी." भविष्यनिर्वाह निधीचा नंबर? "कटता तो है." कापतात, पण भरतात की नाही हे त्याने कधी पाहिले नव्हते. दोन वर्षे झाली तरी ओळखपत्रावर 'ट्रेनी' असेच लिहिलेले. बी.एस्सी. झालेला मुलगा, बंपर गाड्या शिकायला दोन वर्षे लागतात काय?

हा मुलगा तिथे का गेला, हेही ऐका. २०१९ साली रेल्वे भरती मंडळाने एनटीपीसी पदांची जाहिरात काढली. जागा ३५,२८१. अर्ज सव्वा कोटी. त्या सव्वा कोटीत हा एक होता. परीक्षा लांबली, निकालाचा घोळ झाला, जानेवारी २०२२ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात पोरे रुळांवर उतरली. याचे वय वाढत गेले, मग मिळेल ते काम धरले. आपल्या क्वार्टरांमधून किती घरांत हीच कथा आहे, हात वर करायला सांगत नाही. आम्हांला माहीत आहे.

हसणारा पोरगा की सुरक्षेचा कामगार?

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

त्या संध्याकाळी हात धुवायला गेलो तेव्हा आमची नजर एका दाराकडे गेली. वर हिरवा दिवा, आपत्कालीन मार्गाचा. दारासमोर खोकी रचलेली, माणसाच्या छातीएवढी. कसली खोकी? टेडी बेअरची. बक्षिसांचा माल ठेवायला जागा नाही म्हणून तिथे. आत त्या वेळी दोनशे माणसे, निम्मी दहा वर्षांखालची.

रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाला असे दार दिसले की छातीत धस्स होते. आणि आम्हांला राजकोट आठवले.

२५ मे २०२४, शनिवार. राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी होती. तिकीट ९९ रुपये. लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकून उभी केलेली दुमजली इमारत, आत वेल्डिंगचे काम चालू, गाड्यांसाठी आणि जनरेटरसाठी इंधनाचा साठा, अग्निशमन दलाचा परवाना नाही, बाहेर पडायला पुरेशी वाट नाही. ठिणगी पडली आणि २७ जीव गेले. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी आपणहून दखल घेतली आणि ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवले. वर्तमानपत्रांनी गेलेल्या मुलांचे फोटो छापले, ते योग्यच झाले. पण त्या मृतांत तिथे नोकरी करणारी तरुण मुले-मुलीही होती. आपल्यापैकी किती जणांना ते आठवते?

हे एकच उदाहरण नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ जण गेले. त्यांतले कित्येक स्वच्छतागृहात सापडले, कारण बाहेरची वाट कुठे आहे हे त्यांना कळले नाही. ५ सप्टेंबर २०२२ ला खुद्द लखनौत, हजरतगंजमधल्या एका हॉटेलला आग लागून चार जण गेले.

आता आपल्या विभागातली घटना. २२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईला निघालेली तीच पुष्पक एक्सप्रेस, जळगाव जिल्ह्यात परधाड्याजवळ. आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, माणसे खाली उड्या टाकून शेजारच्या रुळावर उतरली, आणि तिकडून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा माणसे गेली. पोटासाठी गाव सोडून निघालेले लोक होते ते. आग नव्हतीच. राजकोटला आग होती आणि वाट नव्हती. परधाड्याला आग नव्हती, आणि कोणत्या बाजूला उतरायचे हे त्या क्षणी ओरडून सांगणारा माणूस जवळ नव्हता.

तेव्हा विचार करा. गेम झोनमध्ये दिवे गेले, धूर झाला, तर मालक तिथे नसतो. ठेकेदार तर नसतोच. मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीत असतो. दोनशे माणसांत उभा असतो तो अटेंडंट. यंत्राची वीज कुठून बंद होते ते त्याला माहीत असते. जाळीतल्या गाद्यांत किती पोरे शिरली आहेत ते त्याने मोजलेले असते. मागचे दार कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असते, आणि त्यासमोर खोकीही त्यालाच रचायला लावलेली असतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की तो हसायला ठेवलेला पोरगा नव्हे. तो सुरक्षेचा कामगार आहे. आपला पॉइंट्समन, आपला गेटमन, आपला ट्रॅकमन जसा, तसाच. आपण वर्षानुवर्षे प्रशासनाला हेच सांगत आलो आहोत की गेटमनला बारा-बारा तास जागवाल तर गेटवरचा माणूस मरेल आणि गाडीतलाही मरेल. १९७३ साली लोको रनिंगच्या बांधवांनी संप केला तो दहा तासांच्या ड्यूटीसाठी. त्यात त्यांचा स्वार्थ होता, आणि गाडीत झोपलेल्या हजार माणसांचे हितही होते. हाच नियम मॉलला लावा. सकाळी दहापासून उभ्या असलेल्या, कपातीला भ्यालेल्या, दोन वर्षे 'ट्रेनी' राहिलेल्या पोराने रात्री दहा वाजता तुमच्या नातवाचा पट्टा नीट बांधावा, अशी अपेक्षा तुम्ही करता. आणि मॅनेजरला "साहेब, ही खोकी हलवा" असे त्याने म्हणावे, अशीही करता. ज्याची नोकरी उद्या सकाळी जाऊ शकते, तो आज रात्री असे बोलेल काय?

कायदा काय म्हणतो

कायद्याचे आम्ही पंडित नाही, मॅट्रिक पास माणूस आहोत. पण घरातल्या पोरांना सांगता येईल एवढे पाच मुद्दे टिपून आणले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांना बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध केला, ९ जुलै २०२५ ला देशव्यापी संपही झाला. तो लढा वेगळा आहे. पण विरोध करणाऱ्यानेही हातातल्या कायद्यातले कामाचे कलम वापरायला शिकावे.

पहिला मुद्दा, नेमणूकपत्र. प्रत्येक कामगाराला ते लेखी मिळाले पाहिजे. 'ट्रेनी' म्हणून टाळता येत नाही.

दुसरा, पगार आणि कपात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा कामाला दुप्पट दर. दंड असेल तर त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. खेळणी कमी भरली म्हणून परस्पर पैसे कापणे, हे बसत नाही.

तिसरा, विमा आणि फंड. दहा माणसे असतील तिथे राज्य विमा, २१,००० रुपये पगारापर्यंत. त्यात कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. वीस माणसे असतील तिथे भविष्यनिर्वाह निधी. पैसे भरले की नाही हे मोबाइलवर पासबुकात दिसते. कापले आणि भरले नाहीत, तर ती सरळ लबाडी आहे.

चौथा, बसणे. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात होते. म्हणजे आपल्या वर्कशॉपमध्ये स्टूल आले ते साहेबाच्या दयेने आले नाही. पण दुकानातल्या माणसाला ते नव्हते. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला. दिवसभर साड्या दाखवायच्या आणि भिंतीला टेकायचे नाही, लघवीला जायचे तर विचारून. त्या साध्या बायकांनी सरकारला हलवले आणि २०१८ मध्ये केरळात, २०२१ मध्ये तमिळनाडूत बसण्याचा हक्क दुकाने कायद्यात आला. आताच्या नव्या सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. म्हणजे पोराचे बाप जे मागत होते, 'दो मिनट बैठ जा', ती भीक नव्हती.

पाचवा, वय. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून बंद आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालच्या मुलांना जवळजवळ सगळ्याच धंद्यांत मनाई आहे. हॉटेलातला 'बारक्या' दिसला तर त्याला पाच रुपये देऊन पुण्य मिळवू नका, चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरला फोन करा.

"पण तो आपला सभासद नाही"

ही शंका मागच्या बाकावरून येणारच, म्हणून आम्हीच काढतो. "सचिवसाहेब, आपण रेल्वेवाले, हे पोस्टवाले. मॉलच्या पोरांचे आपल्याला काय?"

यावर घरातलीच गोष्ट सांगतो. आमचे मामा कारखान्याच्या कँटीनमध्ये टेबले पुसत. सगळे त्यांना 'ए कँटीन' म्हणत, नावसुद्धा कोणी घेत नसे. रेल्वेच्या आवारात, रेल्वेच्या भोंग्यावर, रेल्वेच्या कामगाराला जेवण वाढणारा माणूस, पण रेल्वेचा नाही. २७ फेब्रुवारी १९९० ला सर्वोच्च न्यायालयाने एम. एम. आर. खान यांच्या खटल्यात निकाल दिला: कारखाना कायद्याखाली चालणारी कँटीने, आणि रेल्वे बोर्डाची मान्यता असलेली इतर कँटीने, यांतले कामगार रेल्वेचेच कर्मचारी होत. मामा रेल्वेचे झाले. पहिला पास निघाला तेव्हा त्यांनी मामीला पंढरपूरला नेले. मामी पुढे मरेपर्यंत सांगत असे, "पांडुरंगानं नाही, कोर्टानं पंढरपूर दाखवलं." मान्यता नसलेल्या कँटीनमधले मात्र त्या निकालात बाहेरच राहिले. एकच भाजी वाढणारे दोन हात, एक आत आणि एक बाहेर.

टपालातल्या बंधूंना आम्ही वेगळे काय सांगावे! ज्याला तेव्हा 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, त्या खेड्यातल्या डाकसेवकाचे पद हे सरकारी पद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात १९७७ सालीच म्हटले. तरी ग्रामीण डाक सेवक खात्याच्या उंबऱ्यावरच उभा राहिला. मे-जून २०१८ मध्ये त्यांनी पंधरा दिवसांहून अधिक संप केला तेव्हा कुठे कमलेशचंद्र समितीच्या शिफारशींवर हालचाल झाली. उंबऱ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे?

आणि १९७४ चा संप आठवा. ८ मे पासून वीस दिवस. त्या मागण्यांत बोनस होता, तशीच कॅज्युअल मजुरांना कायम करण्याची मागणीही होती. आमचे वडील तेव्हा कॅज्युअल होते. कायम झालेल्या माणसांनी आपली नोकरी धोक्यात घालून त्यांच्यासाठी मागणी केली. तेव्हा कोणी असे म्हटले असते, की 'ते आपले सभासद नाहीत', तर आम्ही आज या व्यासपीठावर नसतो.

शिवाय स्वार्थाचेही बोलू. आपल्या स्टेशनांवर, गाड्यांत, पार्सलात, टपालाच्या वाटपात ठेकेदार शिरला तो याच रस्त्याने. मॉलमध्ये 'ट्रेनी' खपला की उद्या तोच शब्द आपल्या दारात येतो.

आपण काय करावे

मोठे ठराव करून घरी जाऊ नका. करण्यासारखे सांगतो.

एक. आपल्या शाखेच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दोन तास एक सभासद बसेल. हॉटेल, मॉल, कुरिअर, गेम झोनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी यावे. नेमणूकपत्र, फंडाचे पासबुक, विम्याचा नंबर, पगाराची पावती, एवढे तपासून देऊ. हजेरीची छोटी वही प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहावी. ठेकेदाराचा कागद हरवतो, आपली वही हरवत नाही.

दोन. पुण्याला, नाशिकला, नागपूरला, कुठेही नातवंडांना घेऊन असल्या ठिकाणी गेलात, तर आधी दुसरे दार शोधा. ते उघडते का पाहा. समोर माल रचलेला असेल तर मॅनेजरला स्वतः सांगा. पोराला सांगायला लावू नका, त्याची नोकरी जाईल. तुमची जाणार नाही.

तीन. बक्षिशी द्यायची तर हातात द्या. बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम केले. ते शुल्क पोरांपर्यंत पोचते की नाही हे तुम्हांला कळत नाही. हातातली नोट पोचते.

चार. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असते. ते वाचा आणि त्या नावाने हाक मारा. 'ए पोरी' म्हणू नका. हे आम्ही स्वतःलाच सांगतो आहोत.

शेवटी, त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून बसतो. त्याचे नाव आम्ही सांगितले नाही, सांगणारही नाही. चहा झाल्यावर आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, पगाराचे भांडण नंतर. आधी ते दार मोकळे करून घे. आणि एकटा बोलू नकोस, चौघे-पाचजण मिळून जा." तो काही बोलला नाही. आम्ही पुष्पकने परत आलो. तीन आठवड्यांनी साथींचा फोन आला. सहा मुले-मुली मिळून मॅनेजरकडे गेली होती. पगाराचे एक अक्षर नाही, फक्त दाराचे. राजकोटचे नाव काढले. मॅनेजर आधी तडकला, मग गप्प झाला, कारण त्याचीही मुलगी सुट्टीत तिथेच खेळायला येते. खोकी हलली.

स्टूल अजून आलेले नाही. नेमणूकपत्रही नाही. पण साथी म्हणाले, त्या रात्री पोरगा घरी आला आणि जेवताना पहिल्यांदा स्वतःहून बोलला. म्हणाला, "पापा, हम छह थे."

बंधू-भगिनींनो, आपल्या सगळ्या संघटनांचा इतिहास याच वाक्यापासून सुरू होतो. आम्ही सहा होतो. मग साठ झालो, मग सहा हजार. ती सहा पोरे आपलीच आहेत. त्यांच्या मागे उभे राहणे हे आपले काम आहे, आणि जमलेच तर त्यांना दोन मिनिटे बसायला खुर्ची मिळवून देणे हेही.

आता खजिनदारांना त्यांचा वेळ परत करतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!